कालचं मस्टँग आज जड का लागतं?

"आरं, अपडेट आल्यापासनं मस्टँग वळंनाच झालंय."

सांगली-मिरजेत रात्रीची जेवणं उरकून ऑनलाइन विमान सिम्युलेटर खेळायला हेडसेट लावणाऱ्या मंडळींच्या तोंडी हे वाक्य अपडेटच्या दुसऱ्या दिवशी हमखास येतं. त्यावर पलीकडून कुणीतरी म्हणतो, "माझं तर उलट नाचतंय. जरा ओढलं की पंख टाकतंय." दोघं एकाच सर्व्हरवर, दोघांचं विमानही तेच. दोघंही खरं बोलत असतात आणि बऱ्याचदा त्यात अपडेटचा काही हात नसतो.

लढाऊ विमानाचं हँडलिंग म्हणजे कारखान्यातून शिक्का मारून आलेली गोष्ट नव्हे. टाकीत पेट्रोल किती, ते कुठल्या टाकीत, वेग किती, उंची किती, हवा गार की गरम, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी झडप) किती अंश खाली, ट्रिम (हात सोडला तरी विमान सरळ राहावं म्हणून केलेली जुळणी) कुठे, पंखाला भोकं किती, यातलं काहीही बदललं की तेच विमान हाताला वेगळं लागतं. त्यात आपली जॉयस्टिक आणि आपला कॉम्प्युटर यांची भर पडते. अपडेटवर संशय घ्यायचा तो हे सगळं तपासून झाल्यावर.

उदाहरणासाठी पी-५१डी मस्टँग घेऊ. दुसऱ्या महायुद्धातलं हे विमान जवळजवळ प्रत्येक ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये सापडतं, त्याचे आकडे छापील पुस्तिकांत आहेत, आणि पेट्रोलच्या पातळीप्रमाणे स्वभाव बदलण्यात त्याचा हात धरणारी विमानं फार नाहीत.

सीटमागची टाकी

पी-५१डीला आतल्या टाक्या तीन. दोन्ही पंखांत प्रत्येकी ९२ अमेरिकन गॅलन आणि पायलटच्या सीटमागे ८५ गॅलन. एकूण २६९ गॅलन, म्हणजे सुमारे १,०१८ लिटर. पेट्रोलचं वजन गॅलनला साधारण ६ पौंड धरलं तर एकट्या मागच्या टाकीत सुमारे २३० किलो भरतात. १९४४ मध्ये इंग्लंडहून बर्लिनपर्यंत बॉम्बर विमानांच्या सोबतीला जाऊन परत यायचं, तर हे पेट्रोल लागायचंच. जागा उरली होती ती सीटमागे, म्हणून टाकी तिथे गेली.

मोटारसायकलच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे भरलेल्या दुधाच्या कॅन लावून निघालेला माणूस आठवा. हँडल हलकं लागतं, पुढचं चाक रस्त्यावर नीट बसत नाही आणि जरा धक्का बसला की हँडल गरजेपेक्षा जास्त वळतं. गाडीचं इंजिन तेच, टायर तेच, फक्त वजन मागे गेलंय. मस्टँगचं तसंच होतं, पण त्याची तऱ्हा थोडी निराळी.

विमानाचा गुरुत्वमध्य पुढे असेल तर वाऱ्याने नाक वर उचललं तरी शेपटी ते आपोआप खाली आणते. गुरुत्वमध्य जसजसा मागे सरकतो तसतशी ही सवय कमी होत जाते. एका मर्यादेपलीकडे उलटंच घडतं. नाक थोडं वर गेलं की आणखी वर जायला बघतं. मस्टँगच्या पायलटांना दिलेल्या पुस्तिकेत म्हणूनच स्पष्ट ताकीद होती की मागच्या टाकीत बरंच पेट्रोल असताना कसरती करायच्या नाहीत. टाकी भरलेली असताना जोरात वळण घेतलं तर स्टिक ओढून धरायची गरज राहत नाही, ती स्वतःच पोटाकडे यायला लागते आणि तिला पुढे ढकलून धरावं लागतं.

खऱ्या पायलटला हे तळहातावर कळायचं. आपल्या टेबलावरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, ती नेहमी मध्याकडेच ढकलते. त्यामुळे स्टिक उलटी ओढायला लागली ही खूण आपल्यापर्यंत पोचतच नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच, की वळण मागितल्यापेक्षा जास्त आवळलं, स्टॉल झाला, म्हणजे पंखाची उचल सुटली, आणि एक पंख धाडकन पडला. मग शिव्या अपडेटला.

प्रत्यक्षात पायलट काय करायचे? उड्डाण करून वर चढलं की आधी मागची टाकी वापरायला घ्यायचे. क्रूझला, म्हणजे संथ प्रवासाला, तासाला ६०-६५ गॅलन धरले तर टाकी बरीचशी रिकामी व्हायला, म्हणजे ८५ वरून २५ गॅलनवर यायला, जवळजवळ तास लागतो. शत्रू भेटेपर्यंत टाकी सुरक्षित पातळीवर आलेली असायची. ऑनलाइन सर्व्हरवर उड्डाणापासून दहा-पंधरा मिनिटांत गाठभेट होते. म्हणजे पेट्रोल किती भरायचं ते ठरवणारा स्लायडर १०० टक्के ठेवून निघालेला गडी मागची टाकी जवळजवळ तशीच घेऊन लढाईत उतरतो, आणि लढाईत काय करतो, तर पुस्तिकेने मना केलेलं सगळं.

आता तो स्लायडर. दोन्ही पंखांच्या टाक्या मिळून १८४ गॅलन, म्हणजे एकूण क्षमतेच्या ६८ टक्के. सिम्युलेटर आधी पंख भरत असेल तर ६८ टक्क्यांपर्यंत मागची टाकी कोरडी राहते. ७० आणि १०० यांत त्यामुळे नुसत्या वजनाचा फरक नाही, विमानाच्या स्वभावाचा फरक आहे. पण सगळे सिम्युलेटर याच क्रमाने भरत नाहीत. काही तिन्ही टाक्यांत सारख्या प्रमाणात वाटून टाकतात, मग ५० टक्क्यांनाही मागे ४२ गॅलन बसलेले असतात. कॉकपिटमध्ये मागच्या टाकीचा काटा पायलटच्या डाव्या खांद्यामागे आहे. एकदा मान वळवून तो वाचा, म्हणजे आपला सिम्युलेटर कुठल्या जातीचा ते कळेल. अपडेटमध्ये फक्त हा भरण्याचा क्रम बदलला, तरी सर्व्हरभर बोंब उठू शकते. उड्डाणाच्या गणिताला मात्र कुणी हातही लावलेला नसतो.

टाक्या हाताने बदलाव्या लागत असतील तर आणखी एक खोच आहे. कार्ब्युरेटरमधून परत येणारं थोडं पेट्रोल डाव्या पंखाच्या टाकीत जातं. म्हणून उड्डाण डाव्या टाकीवर करायची पद्धत होती. उजव्या टाकीवरच बसून राहिलात, तर उजवा पंख हलका होत जातो आणि डावा भरलेलाच राहतो. दोहोंत ४० गॅलनचा फरक पडला की शंभरावर किलो एका बाजूला जास्त होतात. विमान डावीकडे कलतं, आपण नकळत उजवीकडे स्टिक धरून बसतो आणि "एलेरॉनमध्ये काहीतरी बिघडलंय" म्हणतो. एलेरॉन म्हणजे पंखांच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा.

वजन किती, वळण किती

आतल्या सगळ्या टाक्या भरलेल्या मस्टँगचं वजन साधारण ४,५८० किलो. स्लायडर १०० वरून ४० वर आणला तर सुमारे ४४० किलो कमी होतात, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो सुमारे ५ टक्क्यांनी खाली येतो. ताशी १६० किलोमीटरचा १५२. कागदावर हे किरकोळ दिसतं. पण पंख जेवढा उचलू शकतो तेवढा सगळा वापरून घेतलेल्या वळणाची त्रिज्या थेट वजनाच्या प्रमाणात असते. वजन दहा टक्के कमी तर त्रिज्याही दहा टक्के कमी. दोन विमानं एकमेकांच्या शेपटीमागे घिरट्या घालत असताना दहा टक्के म्हणजे निकाल लागला.

स्टॉलचा वेग वळणातही वाढतो, आणि तोही वर्गमुळानेच. ६० अंश कलून उंची राखत वळलात तर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट ओढ, बसतात आणि सरळ उड्डाणात १६० ला होणारा स्टॉल २२६ ला होतो. ४ जीला तो दुप्पट, ३२०. "तीनशेचा वेग असूनही पडलं" ही तक्रार इथून येते. तीनशेला ४ जी ओढणं त्या पंखाला जमणारच नसतं.

वजन कुठे पसरलंय यालाही महत्त्व आहे. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असलेला ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॅक्टरपेक्षा उशिरा वेग घेतो आणि उशिरा थांबतो. पंखांच्या टाक्या किंवा पंखाखाली लटकवलेल्या ७५ गॅलनच्या ड्रॉप टाक्या भरलेल्या असतील तर लोळण (विमानाचं स्वतःच्या लांबीभोवती फिरणं) सुरू व्हायला वेळ लागतो आणि सुरू झाल्यावर थांबवायलाही. ड्रॉप टाक्या टाकून दिल्यावर "विमान एकदम चपळ झालं" वाटतं ते वजनामुळे, त्यांच्या हवेतल्या अडथळ्यामुळे आणि या पसरलेल्या वजनामुळे, तिन्हीमुळे.

उंची आणि वेग

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात टक्के विरळ असते. आपल्याला जाणवत नाही, पण पंखाला जाणवते. सहा हजार मीटरवर तर घनता जेमतेम ५४ टक्के उरते.

वेगाचा काटा हवेचा दाब मोजतो, खरा वेग नाही. सहा हजार मीटरवर काटा ४०० दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात साधारण ५४५ किलोमीटरच्या वेगाने जात असतं. काट्यावर ४०० आणि ४ जी धरून वळलं तर खाली, समुद्रसपाटीजवळ, वळणाची त्रिज्या ३२५ मीटर येते. वर तेच आकडे धरले तर ती ६०० मीटर होते. काट्याचा वेग तोच, ओढ तीच, पण वळण जवळजवळ दुप्पट मोठं. खाली लढायची सवय असलेला माणूस उंचावरच्या सर्व्हरवर गेला की त्याला विमान लाकडाचं वाटायला लागतं, ते यामुळे.

इंजिनाचाही उंचीशी संबंध आहे. मस्टँगच्या मर्लिन इंजिनाला दोन वेगांचा सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असतो. साधारण साडेचार ते सहा हजार मीटरच्या पट्ट्यात तो आपोआप वरच्या वेगावर जातो. त्याच्या जरा आधी इंजिन दमल्यासारखं होतं आणि मग एकदम जोर येतो. त्याच पट्ट्यात कुणी चढून बघितलं आणि दुसऱ्याने पाचशे मीटर खाली बघितलं, तर दोघांचे चढण्याचे आकडे जुळणार नाहीत.

आता वेग. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, तसा एलेरॉन आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) हलवायला लागणारा हाताचा जोरही. खऱ्या विमानांत यावरून मोठे फरक होते. जून १९४२ मध्ये अलास्काच्या अकुटान बेटावर पडलेलं एक जपानी झिरो लढाऊ विमान अमेरिकनांच्या हाती आलं. ते दुरुस्त करून उडवल्यावर कळलं की ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे त्याचे एलेरॉन घट्ट होत जातात. कमी वेगात झिरो कुणाला सापडत नव्हतं, वेगात मात्र ते धड लोळू शकत नव्हतं. जर्मन बीएफ-१०९ चा एलिव्हेटर वेगात असाच जड व्हायचा.

सिम्युलेटरपुढे अडचण अशी की आपली जॉयस्टिक जड होऊ शकत नाही. मग तो हिशोब आतून करतो. आपण स्टिक पूर्ण ओढली तरी त्या वेगाला माणसाच्या हाताला जेवढं जमलं असतं तेवढाच एलिव्हेटर हलवतो. पडद्यावर कॉकपिटमधली स्टिक बघा: आपली पूर्ण मागे, तिथली अर्ध्यावर. हे बिघडलेलं नाही, तसंच व्हायला हवं. डाइव्हमध्ये विमान "अडकलं" तर थ्रॉटल कमी करून वेग उतरू द्यावा. एलिव्हेटर ट्रिमने ओढून बाहेर काढायच्या भानगडीत पडलात, तर वेग उतरल्यावर तोच ट्रिम एकदम लागू होतो आणि पंख मोडून हातात येतात. मस्टँगची कमी उंचीवरची डाइव्हची मर्यादा काट्यावर ताशी ५०५ मैल होती, म्हणजे सुमारे ८१० किलोमीटर.

पंख्याची ओढ

मस्टँगचा प्रोपेलर पायलटच्या जागेवरून बघितला तर उजवीकडे फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलायला बघतं, आणि पंख्याने गोल फिरवत मागे टाकलेली हवा शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळून नाकही डावीकडे ओढते. म्हणून उड्डाणाआधी रडरचा (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या झडपेचा) ट्रिम ५-६ अंश उजवीकडे लावतात. वेग जितका कमी आणि पॉवर जितकी जास्त, तितकी ही ओढ मोठी. उतरताना ऐन वेळी पुन्हा वर जायचं ठरवून थ्रॉटल एका झटक्यात पुढे केला की विमान डावीकडे पालथं होतं. थ्रॉटल तीन-चार सेकंद घेऊन पुढे न्यावा आणि त्याच वेळी उजवा पाय दाबावा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. पॉवर चालू असताना डावं आणि उजवं वळण सारखं नसतंच. "उजवीकडे वळायला जड" ही तक्रार बऱ्याचदा खरी असते, पण तो विमानाचा स्वभाव आहे.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या जवळून पाहिल्यात का? वारा फार झाला की त्यांची पाती स्वतःभोवती वळून वाऱ्याला कड देतात आणि वाऱ्याची पकड सुटते. विमानाच्या प्रोपेलरची पातीही अशीच वळतात. मस्टँगमध्ये गव्हर्नर इंजिनाचे फेरे स्थिर ठेवतो, मिनिटाला कमाल ३,०००. फेऱ्यांचा लिव्हर पूर्ण पुढे ठेवून थ्रॉटल बंद केला तर पाती वाऱ्याला सपाट तोंड देतात आणि पंखा ब्रेकसारखा वागतो. जुन्या सवयीने कुणी फेऱ्या २,७०० वर ठेवतो, कुणी ३,००० वर. दोघांना थ्रॉटल कमी केल्यावर विमान वेगळं थांबताना दिसतं.

खऱ्या इतिहासातही हँडलिंग एका चकतीने बदलल्याचं उदाहरण आहे. सुरुवातीच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमुळे ब्रिटिश स्पिटफायर विमानाचं नाक झटक्यात खाली दाबलं की इंजिन गुदमरायचं. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक असलेली एक छोटी चकती काढली आणि बराचसा त्रास गेला. सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर घेताना ते कुठल्या वर्षाचं आहे हे बघावं ते याचसाठी. मस्टँग डीलाही असा इतिहास आहे. चौफेर दिसणारी फुगीर काच बसवताना पाठीचा उंचवटा कापला, त्यामुळे नाक सरळ धरण्याची ताकद कमी झाली. मग शेपटीपुढे एक त्रिकोणी पट्टी जोडली गेली. सुरुवातीच्या डी विमानांवर ती नाही. सिम्युलेटरमध्ये दोन्ही प्रकार असतील आणि आपण चुकून दुसरा निवडला असेल, तर रडर "सैल" वाटणारच.

फ्लॅपबद्दल फार बोलायला नको. १० अंश फ्लॅप ताशी ४०० मैलांपर्यंत चालतो, पूर्ण ५० अंश मात्र १६५ मैलांच्या खालीच. झटापटीत चुकून बटण दाबलं जाऊन १० अंश फ्लॅप राहिला की वेग येत नाही आणि नाक वेगळंच वागतं. "जड झालंय" वाटलं की पहिली नजर फ्लॅपच्या लिव्हरवर टाकावी. दुसरी आरशात आणि पंखांवर. एका पंखाला पडलेली चार भोकं कधीकधी आवाजाविना पडतात.

टेबलावरचा दोष

विमानाच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींत जॉयस्टिकचा वाटा मोठा असतो. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेंशिओमीटर असतो. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा स्पर्शक. वर्षभराच्या वापराने मधला भाग झिजतो, धूळ बसते, आणि हात स्थिर असतानाही आकडा उड्या मारतो. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन "जॉय डॉट सीपीएल" टाइप केलं की चाचणीची खिडकी उघडते. तिथे स्टिक अगदी सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्या. खूण गुळगुळीत सरकायला हवी. मध्ये थरथरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तीस-चाळीस वेळा पूर्ण फिरवा. तरी थरथर राहिली तर पोटेंशिओमीटर बदलावा. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकला ही झीज नसते.

मध्यावर डेडझोन (स्टिक हलली तरी काही होत नाही ती जागा) ठेवायचाच तर २-३ टक्के. मोठा डेडझोन थरथर झाकतो खरा, पण नेम धरताना नेमक्या त्याच जागी भोक पडतं: थोडं ओढलं तर काहीच नाही, आणखी जरा ओढलं तर उडी. त्यापेक्षा कर्व्ह (स्टिकच्या हालचालीला विमान किती दाद देतं ते ठरवणारी रेषा) वापरा. टेबलावरची स्टिक खऱ्या स्टिकच्या मानाने फारच आखूड असते, त्यामुळे हाताची एक सेंटीमीटर हालचाल खूप मोठी ठरते. एलिव्हेटरला १५ ते २५ ची वक्रता दिली की मधला भाग मवाळ होतो. अपडेटनंतर सगळ्यात आधी हाच कर्व्ह जागेवर आहे का ते बघावं. कधीकधी अपडेट सेटिंगची फाइल नवी टाकतं, कर्व्ह शून्यावर येतो आणि विमान "नाचायला" लागतं. सुरुवातीच्या त्या दुसऱ्या गड्याची तक्रार बहुधा इथलीच.

आणखी एक चकवा. काही सिम्युलेटर नवीन जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला आपणहून एलिव्हेटर आणि एलेरॉन वाटून देतात. पेडल नवीन आणले, त्यांचा एक अक्ष मुकाट एलिव्हेटरलाही जोडला गेला, आणि आता ब्रेक दाबला की नाक हलतं. सेटिंगमध्ये एका अक्षाच्या रांगेत दोन उपकरणं दिसली की एक काढा. स्टॉल रोखणारी किंवा रडर आपोआप सांभाळणारी मदत अपडेटने चालू केली आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

इंटरनेटचं काय? बहुतेक सिम्युलेटरमध्ये आपल्या विमानाचं गणित आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. नेट मंद झालं म्हणून आपलं विमान जड होत नाही. बिघडतं ते समोरच्याचं चित्र. ताशी ५४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५० मीटर. २०० मिलिसेकंदांच्या उशिरात तो ३० मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे तीन मस्टँग एकापुढे एक लावल्या तेवढा. हँडलिंग खरंच बिघडवतो तो एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा. ६० वरून २५ वर घसरला की प्रत्येक चित्रामागे १७ ऐवजी ४० मिलिसेकंद लागतात. आपण दुरुस्ती करतो ती उशिरा दिसते, म्हणून जास्त करतो, मग उलटी करतो, आणि नाक वरखाली डोलायला लागतं. हे ढगांत, धुरात किंवा गर्दीच्या गावावरच होत असेल तर ग्राफिक्स कमी करा, विमानाला दोष नको.

अपडेटवर आरोप ठेवायचा तर

आता एवढं सगळं तपासूनही शंका उरली असेल तर मोजा. एकट्याने, ऑफलाइन, हवा १५ अंश, दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, वारा शून्य. तापमान हलक्यात घेऊ नका. उणे १५ अंशांच्या हिवाळी नकाशावर हवा साडेअकरा टक्के दाट असते, तिथलं विमान चढायला आणि वळायला चांगलंच वाटणार. पेट्रोल ५० टक्के आणि शक्य असेल तर अमर्याद इंधनाचा पर्याय चालू, म्हणजे चाचणीभर वजन बदलत नाही. गोळ्या पूर्ण, फ्लॅप वर.

पहिली चाचणी स्टॉलची. १,५०० मीटरवर थ्रॉटल बंद, उंची राखत दर सेकंदाला वेग ताशी साधारण दोन किलोमीटरने उतरू द्या आणि पंख पडताना काट्यावरचा आकडा टिपा. घाईने ओढलं तर आकडा खोटा येतो. दुसरी लोळण्याची. २,००० मीटरवर ताशी ४०० ला पूर्ण लोळण, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी, वेळ रेकॉर्डिंगवरून चित्रं मोजून काढा. तिसरी, समुद्रसपाटीला सरळ उड्डाणातला कमाल वेग, काटा स्थिर झाल्यावर. चौथी, एक हजार ते तीन हजार मीटर चढायला लागलेला वेळ, चढताना एकच वेग धरून. पाचवी, एक हजार मीटरवर उंची न गमावता पूर्ण वर्तुळ, दोन्ही बाजूंनी.

सहावी सोपी आहे आणि सगळ्यात जास्त बोलते. ताशी ४०० ला ट्रिम करून हात सोडा. मग नाक किंचित वर घेऊन वेग ३७० वर आणा आणि स्टिक पुन्हा सोडा. स्थिर विमान स्वतः नाक खाली घेईल, वेग वाढेल, मग पुन्हा नाक वर येईल, अशी संथ लाट सुरू होईल. गणिताने या वेगाला एक लाट साधारण ५० सेकंदांची असते. नाक खाली यायच्या ऐवजी आणखी वर जात राहिलं, तर गुरुत्वमध्य मागे आहे. आता हीच चाचणी मागची टाकी भरून करा, फरक डोळ्यांनी दिसेल.

प्रत्येक चाचणी तीनदा. दोन टक्क्यांच्या आतला फरक आपल्या हाताचा समजायचा. त्यापेक्षा जास्त निघाला तर कुठे निघाला ते बघा. स्टॉलचा वेग बदलला असेल तर वजन किंवा पंखाची उचल बदलली आहे. स्टॉल तोच, पण कमाल वेग आणि चढण दोन्ही घटले, तर इंजिनाची ताकद. चढण तीच आणि फक्त कमाल वेग घटला, तर हवेचा अडथळा. फक्त लोळण बदलली, तर एलेरॉन. सगळे आकडे जागेवर आणि सहाव्या चाचणीतच फरक, तर गुरुत्वमध्य किंवा टाक्या भरण्याचा क्रम. सगळंच जागेवर असेल तर पुन्हा टेबलाकडे वळा.

विकसकांना कळवताना सिम्युलेटरच्या आवृत्तीचा क्रमांक, नकाशा, तापमान, पेट्रोल, गोळ्या, कर्व्हचे आकडे आणि उड्डाणाची ट्रॅक फाइल सोबत द्या. ट्रॅक फाइल नसेल तर तुमचं म्हणणं तपासायला त्यांच्याकडे काही साधन नसतं.

आणि यासाठी अपडेटच्या आधीचे आकडे हाताशी लागतात. लोळण आणि वर्तुळाचे दोन-दोन धरले तर एका विमानाचे एकूण आठ आकडे होतात, वहीचं एक पान. आज रात्री सर्व्हरवर जाण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं काढली तर निम्मं पान भरतं, बाकीचं उद्या.